मावशीच्या साडीवरचा पळस

रविवार, २० एप्रिल २०२५
सिंदी (रेल्वे)

आज सकाळी सव्वाअकरा वाजता, मंडपात अक्षता वाटणं सुरू असताना, अन्नपूर्णामावशी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि माझं सगळं बदललं.

थट्टा नाही. तिच्या पाठीवर माझं चित्र होतं.

माझं म्हणजे माझंच. निळी गोकर्ण, कडेला पाण्यात विरघळत गेलेली, आणि तिला चिकटून पळसाचं नारिंगी फूल. अशी दोन फुलं एका वेलीवर कुठेच नसतात. गोकर्ण कुंपणावर असते, पळस रानात. ती एकत्र फक्त माझ्या कागदावर होती. आधी वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. मग मामी वळल्या. त्यांच्या अंगावर तेच. मग काकू. मग गजेंद्रदादाची आत्या. मावशीच्या पोराचं, गजेंद्रदादाचं लग्न, म्हणून तिने यंदा आहेराच्या साड्या आधीच वाटल्या होत्या. वरपक्षाच्या बायकांनी एकसारखं नेसून यायचं ठरलं होतं. एकवीस बायका. मी मोजल्या. एकवीस बायका माझं चित्र नेसून वरातीच्या घोड्यामागे नाचून आल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता, कारण मी तेव्हा आइसक्रीमचे डबे उतरवत होतो.

नलूच्या अंगावरही तीच. माझी सख्खी बहीण. म्हणाली, "दादा, असा काय पाहून राह्यला? बरी नाई दिसत का मले?"

"कुठून आणली?"

"मावशीनं देल्ली. बसून मीच तं चिठ्ठ्या कापल्या साऱ्या साड्याइच्या. किंमत दिसू नये म्हणून. अंगठा दुखून राह्यला अजून."

मी तिचा पदर हातात घेतला. एका निळ्या पाकळीवर नारिंगी थेंब आहे. तो मी काढलेला नाही. गेल्या वर्षी फाल्गुनात आमचा वर्ग बोरधरणाच्या रस्त्याला चित्रं काढायला गेला होता. वर्षाली माझ्या शेजारी बसली होती. डब्यात घरची गोकर्ण घेऊन आली होती ती. तिच्या ब्रशवरचा थेंब माझ्या कागदावर पडला. ती "अरे देवा" म्हणाली, मी म्हणालो, राहू दे, आणि त्याची कळी केली. जगात तो थेंब दोघांनाच माहीत आहे.

तो नलूच्या पदरावर होता. वीतभर पुढे पुन्हा. पुन्हा वीतभर पुढे. मी सांधा शोधत होतो, चित्र कुठे संपतं आणि पुन्हा कुठे सुरू होतं ते. नाही सापडला. इतकं एकसंध चित्र काढलं होतं मी.

ते चित्र मी एकाच माणसाला दिलं. कॉलेज सोडलं त्या दिवशी, नागपूरच्या बस स्टॉपवर, वर्षालीच्या हातात. तिने ते छातीशी धरलं आणि म्हणाली, "सांभाळीन."

मग ते मावशीच्या पाठीवर कसं?

जेवलो नाही. आई म्हणाली, "नवरदेवापेक्षा याचंच तोंड उतरून गेलं."


सोमवार, २१ एप्रिल

साड्या पुंडलिकरावांच्या दुकानातल्या. सकाळी उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसलो. त्यांनी शटर वर केलं, मला पाहिलं आणि म्हणाले, "बोहनीले तू? काही घेशीन का फक्त बसशीन?"

मी विचारलं, निळी-नारिंगी साडी कुठून आणली.

"काऊन? तुले नेसायची हाय का?"

"ते चित्र माझं आहे."

त्यांनी गादीवर चादर झटकली, उदबत्ती लावली, मग सावकाश म्हणाले, "बाबू, तुह्या फुलाइले नंबर प्लेट लावली होती का तू? फुलं हायेत. माह्या दुकानात फुलाइच्या हजार साड्या असन. कोनी आलं नाई आजवर मले फूल मागाले."

मी आवाज चढवला. काय बोललो ते लिहीत नाही. दोन गिऱ्हाइकं आली होती, ती परत गेली. पुंडलिकराव चिडले नाहीत, याचाच राग जास्त आला. त्यांनी एका चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. वर्ध्याचं बायकांचं छपाई केंद्र, ज्योत्स्नाताई चालवतात. "तिकडे जाय अन् तिकडे ओरड. मले धंदा करू दे."

संध्याकाळी दुकानात (म्हणजे प्रेमदासच्या फ्लेक्सच्या दुकानात, जिथे मी बॅनर बनवतो) काही सुचलं नाही. एका वाढदिवसाच्या बॅनरला गुलाब पाहिजे होते. नेटवरून एक बरं चित्र उचललं, कडा कापल्या, लावलं. प्रेमदास म्हणाला, "तू आज कीबोर्ड तोडशीन." तो लहानपणापासूनचा दोस्त आहे म्हणून बोलतो.

वर्षालीला पाच वेळा फोन केला. उचलला नाही. ती तशीही फारसा उचलत नाही. अभ्यासू आहे. चित्र चोरीला गेलं हे तिला कसं सांगायचं, याचीच भीती वाटते. रडेल ती.


मंगळवार, २२ एप्रिल



पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. ऑटोवाल्याने कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागे सोडलं. पत्र्याचं लांब शेड, त्याला पत्र्याचंच दार. ऊन असं की दाराला हात लावला आणि पोळला. ढकलून आत गेलो.

"दार लाव आधी, फुफाटा येते," कोणीतरी म्हणालं.

आत एक लांबच लांब टेबल, त्यावर पांढरं कापड ताणून टाचण्या मारलेलं, आणि त्यावर माझी गोकर्ण, अर्धीच. नुसतं निळं पडलं होतं, नारिंगी अजून पडायचं होतं. टेबलाच्या दोन बाजूंना दोन बायका, मधे जाळीची लाकडी फ्रेम. एकीने रंग पसरायची पट्टी ओढून दुसरीच्या हाती दिली, दुसरीने परत ओढली, फ्रेम उचलली. खाली ओली निळी फुलं. एक वय झालेली, तिला बाकीच्या सुलोचनाबाई म्हणत होत्या. आणि दुसरी, कोपरापर्यंत निळी, ती वर्षाली.

मी असा उभा राहिलो की सुलोचनाबाईने विचारलं, "कोन पाह्यजे बाबू तुले? पानी देऊ का?"

वर्षाली म्हणाली, "अंकुश." मग म्हणाली, "आलास. बरं झालं. मी कळवणारच होती."

कळवणार होती!

मी विचारलं, तू इथे काय करते? म्हणाली, जानेवारीपासून इथंच आहे, डिझाइनचं टेबल आता तिच्याकडे द्यायचं चाललंय, नागपूरच्या एका मोठ्या दुकानाने याच साडीची मागणी नोंदवली आहे. बोलत होती आणि तिचा चेहरा उजळत होता. मला वाटलं मी झोपेत आहे.

"चित्र कुठे आहे?"

तिने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवरच्या फळीवर माझं चित्र होतं. चार तुकडे. कात्रीने, सरळ, उभं आणि आडवं कापलेलं. तेही जागच्या जागी नाहीत. वरचा डावा तुकडा खाली उजवीकडे, खालचा डावा वर उजवीकडे. असे उलटेपालटे चिकटवलेले. आणि मधोमध, चारही तुकड्यांवरून, तिने स्वतःच्या हाताची फुलं काढली होती. तीन गोकर्ण, एक पळस, दोन पानं. माझ्या चित्रात!

"हे तू कापलं?"

"हो."

"माझं चित्र."

"तसंच ठेवलं असतं तं एका कागदावर राह्यलं असतं, अंकुश. मले कापडावर न्यायचं होतं."

"मला विचारलं होतं का?"

तिने निळे हात फडक्याला पुसले. "तुले आठवत नाई का?"

काय आठवायचं? तिने सांभाळीन म्हटलं ते आठवतं. देशमुख सरांनी वर्गात कात्री पुढे केली होती ते आठवतं. चित्र चांगलं आहे पण हा पॅटर्न नाही, कडा जुळत नाहीत, आण इकडे, चार तुकडे कर, मग दाखवतो. मी म्हणालो होतो, माझ्या चित्राला कात्री लागणार नाही. सर म्हणाले, मग तुझ्या चित्राला भिंतच मिळेल. मी ड्रॉइंग बोर्ड आपटून निघालो तो परत गेलो नाही. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच. बाबा महिनाभर बोलले नव्हते. ज्या कात्रीपायी मी कॉलेज सोडलं तीच कात्री हिने माझ्या मागून माझ्या चित्राला लावली.

मी बोललो. खूप बोललो. चोर म्हणालो, सगळ्या बायकांसमोर. पट्टी हातात धरून त्या उभ्या होत्या. मी निघालो. मागून सुलोचनाबाई ओरडली, "दार लाव रे बाबू, ओला माल हाय."

नाही लावलं. रस्त्यावर येऊन मागे पाहिलं तर जिनिंगच्या पटांगणातून एक वावटळ उठली होती, कापसाचा कचरा न् लाल फुफाटा घेऊन, शेडकडे चालली होती. दार सताड उघडं होतं.

जाऊ दे.


बुधवार, २३ एप्रिल

वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. सिंदीच्या व्यापारी ग्रुपवर टाकलं. नागपूरच्या त्या दुकानाचा नंबर त्यांच्या पानावर होता, त्यांनाही पाठवलं. साडीचा फोटो जोडून. मजकूर इथे उतरवून ठेवतो, पुढे लागला तर:

"ही साडी घेऊ नका. यावरचं चित्र चोरीचं आहे. मूळ चित्र माझं, अंकुश झाडे. वर्षाली भोयर हिने मला न विचारता, माझं नाव कुठेही न देता, चित्र कापून छापलं. केस करणार आहे."

अंगठेच अंगठे. माझ्याशी कधी न बोललेल्या पोरांनीही लिहिलं, भिडू आम्ही तुझ्यासोबत. एकाने विचारलं, तिचं-तुझं ब्रेकअप झालं का बे? उत्तर दिलं नाही. ब्रेकअप नाही, विश्वासघात.

आज पहिल्यांदा भूक लागली. भाकरी न् ठेचा खाल्ला.


शनिवार, २६ एप्रिल

अन्नपूर्णामावशी आली होती. चहा घेतला नाही. उभ्यानेच आईला म्हणाली, "आनंदा, तुह्या पोरानं माह्या आहेराले चोरीचा माल म्हटलं. माह्या इहिनीचा फोन आला, म्हनते पोलीस तं येनार नाई ना घरी? नव्या सुनेसमोर माहं तोंड कसं राह्यलं सांग."

बाबा बाजार समितीतून येऊन पाय धूत होते, ते धूतच राहिले. मी म्हणालो, मावशी, तुझा दोष नाही. ती म्हणाली, "माहा दोष? तू कोन मले माहा दोष सांगनारा?" आणि गेली.

दुपारी प्रेमदासने संगणकावरून मान न काढता सांगितलं, "वर्ध्याचं समजलं का तुले? नागपूरच्या दुकानानं माल नको म्हटला. छपाई बंद हाय. तुह्यावाली पोरगी घरी बसवली त्याइनं, सोक्षमोक्ष लागतवर."

"घरी?"

"तं काय. ज्योत्स्नाताई तरी काय करन? साही बाया रिकाम्या बसून राह्यल्या म्हनते." मग थांबून म्हणाला, "एक विचारू? मारशीन तं नाई?"

"विचार."

"हे रोजचे गुलाब, हे कमळं, परवाचा तो मोर, हे तू नेटवरून उचलतं. ते कोनाचे हायेत बे?"

मी उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. ते वेगळं. बॅनर वेगळं. बॅनर कोणी कोणाला प्रेमाने देत नाही.

तिला घरी बसवावं असं मी म्हटलं नव्हतं. मला फक्त तिने माझ्याकडे यावं आणि सांगावं एवढंच पाहिजे होतं. काय सांगावं, ते तिला माहीत आहे.


सोमवार, २८ एप्रिल

नलू बुधवारपासून माझ्याशी बोलत नव्हती. बारावीचा निकाल यायचा आहे, त्याचं टेन्शन असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. आज मी दाढी करत होतो तर मागे येऊन उभी राहिली. आरशातच बोलली.

"दादा, मावशीकडं मी चिठ्ठ्या कापल्या होत्या ना साड्याइच्या."

"हं."

"मावशीनं फेकल्या नाई. पिशवीत होत्या. मी एक आनली."

तिने हात पुढे केला. जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी, भोकात दोरा. वर पुंडलिकरावांच्या दुकानाचा पांढरा किमतीचा कागद चिकटवलेला. त्याचा अर्धा भाग नखाने खरडून काढला होता.

"मी खरडला," ती म्हणाली. "खाली काही छापेल दिसत होतं म्हणून."

उरलेला मी खरडला. साबणाचे हात होते, कागद लगेच सुटला. खाली निळ्या अक्षरात होतं:

चित्र – अंकुश झाडे, सिंदी (रेल्वे)
मांडणी – वर्षाली भोयर, वर्धा
छपाई – सुलोचनाबाई आणि मंडळी

माझं नाव वर होतं. तिचं खाली.

मी परत वाचलं. पालथी करून पाहिली. पुन्हा वाचलं. एका गालाला साबण वाळला. पुंडलिकरावांनी किंमत बरोबर माझ्या नावावर चिकटवली, आणि आहेरात किंमत दिसू नये म्हणून माझ्या बहिणीने माझं नाव कात्रीने कापलं. एकवीस वेळा. अंगठा दुखेस्तोवर.

नलू म्हणाली, "तू लिहिलं होतं ना, माहं नाव कुठंच नाई म्हणून."

मी टॉवेलने गाल पुसला.

"तं आता काय लिहिशीन?"

ती रडत होती. मला आधी कळलंच नाही, आरशाला वाफ होती.


मंगळवार, २९ एप्रिल

काल रात्री नाही, आज पहाटे उजेड झाल्यावर गेल्या वर्षीची वही काढली. ट्रंकेत कॉलेजच्या कागदांखाली होती. मला "सांभाळीन" हा शब्द पाहायचा होता. एवढंच. माझ्याजवळ तेवढं एक तरी आहे, असं वाटत होतं.

जसं आहे तसं उतरवतो.

"सोमवार, १२ ऑगस्ट २०२४. आज कॉलेज सोडलं. सरांना शेवटचं सांगून आलो. वर्षालीला बस स्टॉपवर गाठलं आणि चित्र दिलं. ती म्हणाली, हे मले कायले? मी म्हणालो, तुझंच आहे. ती म्हणाली, याचं काही केलं तं चालन का तुले? मी म्हणालो, काहीही कर. ती म्हणाली, कापलं तरी? मी म्हणालो, कापलं तरी, जाळलं तरी. ती म्हणाली, पक्कं? नंतर म्हणशीन. मी म्हणालो, पक्कं. काय ती डोळ्यात पाहून विचारत होती! एवढ्या वेळा फक्त प्रेमातलं माणूस विचारतं. बस आली. गेली. आज आयुष्यातला सर्वात सुंदर दिवस."

सांभाळीन कुठेही नाही.

मी पानं मागे उलटली. ऑगस्टच्या आधीची सगळी. मग पुढची. तिने मला काय काय म्हटलं ते शोधत गेलो. ती म्हणाली: पाणी बदल, गढूळ झालं. ती म्हणाली: निळ्यात थोडा काळा टाकतं काऊन, नारिंगी टाक, मग बघ कसा दबतो. (हे मी माझ्याच नावावर सांगत आलो होतो, सगळ्यांना.) ती म्हणाली: सरांवर चिडू नको, ते शिकवून राह्यले. ती म्हणाली: फोन नको करू परीक्षा आहे. ती म्हणाली: थेंब पडला, अरे देवा.

पूर्ण वही झाली. चहा दोनदा निवला. आईने येऊन पाहिलं आणि गेली.

तिने मला एकदाही तसं काही म्हटलेलं नाही. एकदाही. सगळं माझंच अक्षर आहे.

मी वर्गाच्या आणि व्यापारी, दोन्ही ग्रुपवर लिहिलं की चूक माझी होती, परवानगी मीच दिली होती, नाव दिलेलं होतं. चोरीला अंगठ्यांचा पाऊस पडला होता. याला एक आला, तोही प्रेमदासचा, आणि तो वर्गातला नाही, व्यापारी ग्रुपवरचा. मग ज्योत्स्नाताईंना फोन लावला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आवाज शांत होता, शाळेतल्या बाईंसारखा.

"मोबाइलवरचं नको," म्हणाल्या. "नागपूरवाल्याले सहीचा कागद पाह्यजे. कागद आन. अन् येजो तं दिवसा येजो, बायका असतात तवा. तू बोलला त्याइच्यासमोर होता."


शुक्रवार, २ मे

आज गेलो. काल सुट्टीचा दिवस होता, शेड बंद असणार म्हणून थांबलो. कागद चार वेळा लिहिला. पहिल्या तीनमध्ये मी स्वतःबद्दलच जास्त लिहिलं होतं. चौथा असा:

"मी, अंकुश किसनराव झाडे, लिहून देतो की हे चित्र मी वर्षाली भोयर यांना बारा ऑगस्टला स्वतःच्या हाताने, काहीही करायला, दिलं. कापायला सुद्धा. त्यांनी मला विचारून घेतलं होतं. साडीच्या चिठ्ठीवर माझं नाव आहे. मी जे पसरवलं ते खोटं होतं. कापडावरचं चित्र एकट्या माझं नाही. मधली फुलं त्यांची आहेत, आणि ती नसती तर साडी झाली नसती."

शेवटचं वाक्य नलूने सांगितलं. मी आधी नको म्हणालो, मग लिहिलं. बाबांनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "सही बापाच्या नावासकट कर." केली. एवढंच बोलले, पण बोलले.

शेडचं दार आज लोटलेलं होतं. मी आत गेलो आणि आधी दार लावलं. सहाही बायका होत्या. टेबल रिकामं नव्हतं; ज्योत्स्नाताईंनी फोनवरच्या माझ्या शब्दावर वर्षालीला बोलावून घेतलं होतं, एक कापड ताणलं होतं, पण फ्रेमा भिंतीला टेकवलेल्या होत्या. सगळे कागदाची वाट पाहत होते.

ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "वाच."

मी वाचला. उभ्याने. "खोटं होतं" इथे आवाज गेला. सुलोचनाबाई म्हणाली, "मोठ्यानं वाच बाबू, त्या दिवशी तं चांगला मोठ्यानं बोलत होता." कोणीतरी हसलं. मी मोठ्याने वाचला. ताईंनी कागदाचा फोटो काढून नागपूरला पाठवला, फोन लावत बाहेरच्या खोलीत गेल्या. काचेतून त्यांची मान दिसत होती. खूप वेळ दिसत होती. मग परत येऊन म्हणाल्या, "घेतो म्हनते. फ्रेमा धुवा."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका उठल्या आणि पाण्याकडे गेल्या.

वर्षाली टेबलाशी टाचण्या तपासत होती. मी जवळ गेलो. तिने वर पाहिलं नाही.

"मला वाटत होतं तू 'सांभाळीन' म्हणाली होती," मी म्हणालो.

"मी?"

"हो. पण वहीत नाही ते."

"कोनत्या वहीत?"

"माझ्या. सगळी पाहिली. तू तसं काहीच म्हटलेलं नाही मला. कधीच."

ती जरा हसली. वाईट हसली नाही. "मले विचारलं असतं तं मी सांगितलं असतं ना, अंकुश. वहीत काऊन शोधतं?"

मग ती म्हणाली, "सांधा दिसला का तुले कुठं?"

मी म्हणालो, नलूच्या पदरावर शोधला होता, नाही दिसला. तिने बाजूला घडी घालून ठेवलेली एक साडी उलगडली आणि माझं बोट धरून नाही, आपलं बोट ठेवून दाखवलं. इथे तुझी कड, इथे तुझीच दुसरी कड, दोन्ही कागदाच्या टोकाच्या. कापून फिरवल्या की टोकं मधे येतात आणि मधलं बाहेर जातं. मग मधे जे उघडं पडतं ते भरायचं. बाहेरचं आपोआप जुळतं, कारण ते आधी एकच होतं. मी तिचं बोट पाहत होतो तरी मला सांधा दिसला नाही. सरांना हेच दाखवायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं.

ती साडी खरखरीत लागली. पाहिलं तर निळ्यात सगळीकडे बारीक लाल कण वाळलेले, कापसाचे तंतू, एका पळसावर काडी. धुऊनही निघाले नव्हते.

"हे काय?"

सुलोचनाबाई पाण्यापासून म्हणाली, "हे तुह्यावाली. त्या दिवशीची."

मी साडीकडे पाहत राहिलो. "मी घेऊन जाऊ?"

"घेऊन जाय," वर्षाली म्हणाली. "विकता येत नाई तिले. आईले देजो."

मला अजून एक विचारायचं होतं. काय ते इथेही लिहीत नाही. तिने फ्रेम उचलून कापडावर खुणेवर बसवली, सुलोचनाबाई दुसऱ्या बाजूला येऊन उभी राहिली, निळा रंग ओतला गेला. वर्षालीने पट्टी ओढली आणि पलीकडे दिली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती कापडाकडे पाहत होती, तशी, जशी बोरधरणाच्या रस्त्याला माझ्या कागदाकडे पाहत होती. मी तेव्हा समजलो होतो, माझ्याकडे पाहते आहे.

फ्रेम उचलली. खाली ओली फुलं. बाहेर पटांगणात वारा उठलेला ऐकू येत होता, पत्रा वाजत होता. सहाही बायकांच्या माना एकदम दाराकडे वळल्या, मग माझ्याकडे.

मी साडी काखेत घेतली. माझ्यापुरतं उघडलं, बाहेर आलो, दार ओढून घेतलं, आणि नीट बसलं की नाही ते हाताने पुन्हा पाहिलं.